बिननाडीचा बूट आणि पायाचे माप

‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण आमच्या बालपणी आमच्या कानांवर वारंवार पडत असे. बोलणाराचा रोख वहाणेपेक्षा वहाण करणारावर अधिक असे, हे कळण्याइतके वय झाल्यावर तिचा आम्हांस विषाद वाटू लागला. पुढे आमची सारी उमेद शाळेत मुलांना शिकविण्यात गेली; परंतु म्हणींच्या पाठात या एका म्हणीचा अर्थ सांगताना आमचा आवाज दर वेळी किंचित खाली येत असे. आज सेवानिवृत्तीच्या निवांतपणात विचार करता असे वाटते की, आमच्या वाडवडिलांनी तिचा एक निराळाच अर्थ जन्मभर आचरणात आणला होता. वहाण पायातच बरी हे खरे. मात्र ज्या पायासाठी ती घडली, त्याच पायात ती बरी. दुसऱ्याच्या पायात ती चावते, घसरते, किंवा चालणाराला पाडते. पायाचे माप हे एक शास्त्र आहे, आणि त्या शास्त्राचा इतिहास आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत नाही लिहावयाचा तर कोठे लिहावयाचा?

या विषयाकडे आमचे लक्ष वळले ते एका घरगुती प्रसंगाने. आमचा एक भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. मागील दिवाळीस तो घरी आला तेव्हा त्याच्या पायात जाड काळ्या चामड्याचे, पोटरीच्या अर्ध्यापर्यंत येणारे बूट होते. त्यांना नाडी नव्हती. घोट्यापुढे एक व नळीच्या काठाशी एक असे दोन बक्कल-पट्टे मात्र होते. चालताना त्याची टाच आत खालीवर होत होती आणि दोन्ही टाचांना फोड आलेले होते. तो आम्हांस म्हणाला, “मामा, नंबर तर माझाच आहे. पळण्याच्या बुटाचा आहे तोच घेतला. मग टाच का उचलते?” आम्ही म्हटले, “नंबर तुझा असेल, बाबा. कालबूत तुझे नाही.” या उत्तराने त्याचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नाही. तेव्हा त्या बुटाचा कुलवृत्तान्त आम्ही शोधू लागलो. त्याचे फलित म्हणजे प्रस्तुत लेख होय.

या बुटास अमेरिकेत ‘इंजिनियर बूट’ म्हणतात. आपल्याकडे इंजिनियर म्हणजे स्थापत्य किंवा यंत्रशास्त्राचा पदवीधर. अमेरिकेत आगगाडीचे इंजिन चालविणारासही इंजिनियर असेच म्हणतात, आणि बुटाच्या नावाचा संबंध सामान्यतः त्या धंद्याशी जोडला जातो. विस्कॉन्सिन राज्यातील चिपेवा फॉल्स या गावी १९०१ साली स्थापन झालेल्या चिपेवा कंपनीने १९३७ साली हा बूट बाजारात आणला. पुढे १९३९ साली ऑरेगॉन राज्यातील वेस्ट कोस्ट शू कंपनीने आपला इंजिनियर बूट काढला. ही दुसरी कंपनी १९१८ साली ज्या गृहस्थाने काढली त्याचे नाव जॉन हेन्री शूमेकर. शूमेकर म्हणजे चर्मकार! धंद्यावरून पडलेले आडनाव त्या देशात लोक दुकानाच्या पाटीवर अभिमानाने लिहितात, एवढीच गोष्ट येथे नमूद करून पुढे जाऊ.

नाडी का नाही, या प्रश्नाचे उत्तर कामाच्या जागी सापडते. दुसऱ्या महायुद्धात ऑरेगॉनच्या पोर्टलंड शहरी जहाजबांधणीचे प्रचंड काम चालले होते. तेथील सांधकाम करणाऱ्या कामगारांच्या पायांवर वितळलेल्या लोखंडाच्या ठिणग्या सतत पडत. नाडीच्या बुटाची नाडी जळून तुटते, आणि नाडीखालच्या फटीतून ठिणगी आत शिरते. बिननाडीच्या बुटाचा पुढचा भाग अखंड असल्यामुळे ठिणगी वरून घसरून जाते, आणि काठाचा पट्टा आवळला की वरूनही काही आत पडत नाही. शिवाय तप्त कण आत गेलाच, तर बूट क्षणात उपसून काढता येतो. युद्धानंतर मोटारसायकलवाल्यांनी हा बूट उचलला, कारण नाडी यंत्रात अडकण्याची भीती त्यात नाही. १९५३ सालच्या ‘द वाइल्ड वन’ या चित्रपटात मार्लन ब्रँडो हा नट असेच बूट घालून पडद्यावर आला, आणि कामगाराचे पादत्राण तरुणांच्या हौसेची वस्तू होऊन बसले. आमच्या भाच्याच्या पायापर्यंत ते आले ते याच वाटेने.

या बुटाचे घराणे मात्र अमेरिकेच्या कारखान्याहून जुने आहे. इंग्लंडात घोडेस्वारीसाठी जे उंच बूट करीत, त्यांच्या घाटावरून तो निघाला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ड्यूक ऑफ वेलिंग्टन याने लंडनमधील होबी नामक आपल्या बूट-कारागिराकडून जुन्या हेशियन बुटात फेरफार करवून घेतले आणि पायालगत बसणारा, मऊ वासराच्या चामड्याचा बूट घडविला. पावसाळ्यात आपण जे रबराचे गमबूट घालतो, त्यांना इंग्लंडात आजही वेलिंग्टनच म्हणतात. हे स्वारीचे बूट एकेका गिऱ्हाइकासाठी स्वतंत्र मापाने घडत. कारागीर पावलाची लांबी घेई, चवड्याचा घेर घेई, घोट्यापुढे जो उंचवटा वर चढत जातो त्याचा घेर घेई, घोट्याचा व पोटरीचा घेर घेई. आणि या सर्वांहून महत्त्वाचे असे एक तिरके माप घेई. टाचेच्या खालच्या टोकापासून निघून, घोट्यापुढच्या उंचवट्यावरून फिरून, परत टाचेशी येणारा हा घेर होय.

या तिरक्या मापातच बिननाडीच्या बुटाचे सारे मर्म आहे. त्या उंचवट्यास आपण सोयीसाठी पावलाची पाठ म्हणू. बूट चढविताना टाच नळीतून खाली उतरते, तेव्हा टाच व पावलाची पाठ या दोहोंना एकाच वेळी बुटाच्या कंठातून जावे लागते. कंठ अरुंद असेल तर पाय आत जाणारच नाही. तो रुंद असेल तर पाय सुखाने जाईल, पण आत गेल्यावर त्याला धरून ठेवणारे काही उरणार नाही. नाडीच्या बुटात ही अडचण नाही. नाडी सैल केली की वाट मोठी होते, आवळली की पाय जखडतो. कारागिराची अर्ध्या इंचाची चूक नाडी निमूटपणे झाकून घेते. बिननाडीच्या बुटात चूक झाकणारे कोणी नाही. घोट्यापुढचा पट्टा थोडी मदत करतो, परंतु जाड चामड्याला तो किती दाबणार? म्हणून जो बूट आत जाताना किंचित विरोध करतो, आणि टाच खाली टेकताच पावलाच्या पाठीवर हाताच्या पंजासारखा बसतो, तो बरोबर मापाचा समजावा.

आता एक एक पाय मोजणारा हा कारागीर मागे पडून नंबर कसा आला ते पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत युरोप-अमेरिकेत पुष्कळ बूट सरळ कालबुतावर होत. डावा आणि उजवा यांत भेद नसे. कालबूत म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा, ज्यास आजचे कारखानदार फर्मा किंवा लास्ट म्हणतात. मॅसॅच्युसेट्समधील टॉमस ब्लँचर्ड याने १८१९ साली वेड्यावाकड्या आकाराच्या वस्तू कातण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. ते यंत्र बंदुकीच्या दस्त्यांसाठी निघाले, पण त्यावर कालबुतेही कातता येऊ लागली. एकाच आकाराची शेकडो कालबुते निघू लागली, तेव्हा डावा-उजवा भेद करणे स्वस्त झाले. १८५८ साली लायमन ब्लेक याने तळ शिवण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात सैन्याला लागणाऱ्या बुटांमुळे यंत्राच्या शिवणीचा प्रसार झाला.

तथापि एक काम यंत्राला साधत नव्हते. कालबुतावर चामडे ताणून, चुण्या मोडून, आकार बसविण्याचे ते काम. हे निष्णात हातांचेच काम आहे, ते यंत्राने कधी होणार नाही, असा समज होता. तो खोटा ठरविला यान मात्सेलिगर याने. दक्षिण अमेरिकेतील सुरीनाम येथे १८५२ साली जन्मलेला हा कृष्णवर्णीय तरुण मॅसॅच्युसेट्समधील लिन या बुटांच्या नगरीत येऊन कारखान्यात मजुरी करू लागला. दिवसा काम, रात्री अभ्यास, आणि त्यातून शिलकीत टाकलेले पैसे, एवढ्या सामग्रीवर त्याने चामडे ताणणारे यंत्र सिद्ध केले. २० मार्च १८८३ रोजी त्यास पेटंट मिळाले. निष्णात कारागीर दिवसाकाठी सुमारे पन्नास जोड ताणीत असे. या यंत्राने शेकडो जोड होऊ लागले. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, १८८९ साली, क्षयाने त्याचा अंत झाला. १९९१ साली अमेरिकेच्या सरकारने त्याच्या चित्राचे टपाल तिकीट काढले. आपल्या समाजातील मुलांना थोर पुरुषांची चरित्रे सांगताना हे नाव सांगावयास विसरू नये.

जोड ढिगाने होऊ लागले, मग ते विकण्यासाठी नंबर हवा. न्यूयॉर्कच्या एडविन सिम्प्सन याने १८८० साली नंबरांची एक पद्धतशीर मांडणी केली. तीत अर्धे नंबर आणि रुंदीची अक्षरे होती. इंग्रजी व अमेरिकन पद्धतीत एका नंबराने लांबी इंचाच्या एकतृतीयांशाने वाढते, अर्ध्या नंबराने एकषष्ठांशाने. १९२० च्या दशकात सिराक्यूज शहरातील एका बुटांच्या दुकानदाराचा मुलगा चार्ल्स ब्रॅनॉक याने पाय मोजण्याचे एक उपकरण केले. त्याचा पहिला नमुना त्याने मुलांच्या खेळण्यातील धातूच्या पट्ट्या जोडून केला होता. हे उपकरण तीन गोष्टी मोजते : टाचेपासून बोटापर्यंतची लांबी, टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतची लांबी, आणि चवड्याची रुंदी. यातील दुसरे माप फार मोलाचे आहे. बूट जेथे वाकतो तेथेच पायाचा सांधा आला पाहिजे. बोटे कितीही आखूड असोत वा लांब असोत.

परंतु वाचकांच्या लक्षात आलेच असेल की, या तीन मापांत पावलाची पाठ कोठेच नाही. उपकरण पाय खालून पाहते, वरून पाहत नाही. एकाच लांबीच्या व एकाच रुंदीच्या दोन पायांपैकी एकाची पाठ उंच असेल, दुसऱ्याची चपटी असेल. नाडीच्या बुटात दोघेही निभावून जातील; इंजिनियर बुटात पहिल्याचा पाय आत जाणार नाही आणि दुसऱ्याची टाच उचलेल. शिवाय पळण्याचे बूट बहुतेक लोक पायाच्या खऱ्या मापाहून अर्धा-एक नंबर मोठेच घेतात. आमच्या भाच्याची चूक येथेच होती. त्याने पळण्याच्या बुटाचा नंबर आणला होता, आणि त्यात त्याच्या पावलाची पाठ त्याच्या आईसारखी चपटी!

नंबराच्या या अपुरेपणावर विसाव्या शतकात दोन उपाय निघाले. त्यांतील एक अनुकरणीय आहे, दुसरा भयंकर आहे. पहिला अमेरिकन सैन्याचा. एडवर्ड मन्सन या सैनिकी डॉक्टराने अनेक वर्षे सुमारे दोन हजार सैनिकांचे पाय तपासले आणि पायाच्या नैसर्गिक आकाराचे, अंगठ्याच्या बाजूने सरळ जाणारे एक कालबूत सिद्ध केले. सैन्याने १९१२ साली ते स्वीकारले. माप घेताना सैनिकाने पाठीवर चाळीस पौंडांचे ओझे घेऊन, सारा भार एका पायावर देऊन उभे राहावे, असा दंडक घालण्यात आला. कारण भाराखाली पाय लांबतो व पसरतो, आणि सैनिकाला चालावयाचे असते ते भार घेऊनच.

दुसरा उपाय क्ष-किरणांचा. १९२० च्या सुमारास अमेरिकेतील बुटांच्या दुकानांत एक लाकडी पेटी येऊ लागली. तीत बुटासकट पाय घातला की वरच्या काचेतून हाडे दिसत. मुलांना मोठी गंमत वाटे, आईबापांना विज्ञानाचा भरवसा वाटे, आणि दुकानदाराचा माल खपे. त्या किरणांपासून ग्राहकाच्या व त्याहूनही दुकानातील नोकराच्या शरीरास होणारा धोका पुढे स्पष्ट झाला, आणि १९५७ साली पेनसिल्वेनिया राज्याने या पेट्यांवर प्रथम बंदी घातली. हाडे दिसली तरी चामडे कोठे दाबते ते त्या पेटीत दिसत नसे. अंगठ्याने बुटाचे टोक दाबून पाहणारा कारागीर जे एका क्षणात सांगतो, ते सांगण्यासाठी मुलांच्या कोवळ्या हाडांतून किरण सोडण्यात आले, ही गोष्ट विज्ञानाच्या नावाने भाळणारांनी विसरू नये.

मग बिननाडीचा बूट घ्यावा कसा? या सर्व इतिहासाचे सार असे. माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभराच्या श्रमाने पाय फुगतो. जे मोजे घालावयाचे तेच घालून, उभे राहून, दोन्ही पायांचे घ्यावे. जो पाय मोठा, त्याला प्रमाण मानावे. बोटांपुढे साधारण अर्धा इंच मोकळी जागा असावी. चवड्याचा सांधा बुटाच्या सर्वांत रुंद जागी पडावा. पावलाची पाठ सर्व बाजूंनी धरलेली असावी, मात्र मुंग्या येऊ नयेत. नव्या बुटात टाच पाव ते अर्धा इंच उचलली तर घाबरू नये. जाड तळ अद्याप वाकत नसतो, तो चवड्याशी वाकू लागला की टाच खाली राहते. चामडे रुंदीत सैल होते, लांबीत होत नाही. म्हणून लांबीस आखूड बूट ‘पुढे सैल होईल’ या आशेवर कदापि घेऊ नये. तसेच तळातील बुचाचा थर पायाच्या भाराने दबतो व आतील जागा वाढते. म्हणून पाठीवर आज अगदी सुखाचा वाटणारा बूट सहा महिन्यांनी सैल होतो.

हे वाचून आपल्याकडील जाणती माणसे हसतील. कोल्हापुरी वहाण नवी असता घट्टच घ्यावी, तेल देऊन पायात मुरवावी, हे ज्ञान त्यांना कोणत्या पुस्तकातून मिळाले? तिलाही नाडी नाही; तिचेही सारे माप पावलाच्या पाठीवरच्या पट्ट्यात आहे.

आमचे वडील परळ भागात फुटपाथच्या कडेला बसून गिरणीतील व रेल्वेच्या कारखान्यातील कामगारांचे बूट करीत. गिऱ्हाईक स्टुलावर बसू लागले की ते म्हणत, “बसू नका, उभे राहा. चालायचे उभ्यानेच ना?” मन्सन डॉक्टराचे नाव त्यांनी ऐकलेले नव्हते. वहीच्या पानावर पाय ठेवून ते पेन्सिल फिरवीत, आणि कागदाची एक पट्टी पावलाभोवती गुंडाळून जागोजाग नखाने खूण करीत; तीत ते टाचेचे तिरके मापही असे. प्रत्येक पायाखाली दोन शब्द लिहिलेले असत : ‘डावा मोठा’, ‘करंगळी दुखरी’, ‘पाठ उंच’. ज्यांच्या सावलीचाही कित्येकांना विटाळ होई, त्यांनी शेकडो माणसांचे पाय हातात घेऊन त्यांची दुखणी अशी टिपून ठेवली होती.

त्या वह्या आज कोठे आहेत, असे कोणी विचारील. उत्तर द्यावयास लाज वाटते, पण इतिहास लिहावयास बसणाराने आपल्या घरचा इतिहास लपवू नये. वडील वारल्यावर त्या वह्या आम्हीच रद्दीत घातल्या. आम्ही तेव्हा मास्तर झालो होतो. घरी येणाऱ्या सहकाऱ्यांच्या दृष्टीस त्या पायांच्या आकृती पडू नयेत, असे आम्हांस वाटले. परदेशी डॉक्टराने दोन हजार पायांचा अभ्यास केला, त्याचे आम्ही येथे कौतुक केले. आमच्या दारच्या रद्दीवाल्याने किती पाय नेले, ते आम्ही मोजलेही नाहीत.

अलीकडे चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने भारतीयांच्या पायांची मोठी पाहणी केली. डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांचे पाय यंत्राने मोजण्यात आले. भारतीयांचे पाय युरोपीय व अमेरिकन लोकांच्या पायांहून सामान्यतः रुंद असतात, असे तीत आढळले, आणि आपल्या देशासाठी स्वतंत्र नंबरांची पद्धती सुचविण्यात आली. ही अत्यंत समाधानाची गोष्ट आहे. तथापि वर आलेल्या इतिहासाने एवढे तरी दाखविले आहे की, नंबर कितीही चांगला असला तरी शेवटचे काम पायाला हात लावून पाहणाराकडेच राहते.

आमच्या भाच्याचे पुढे काय झाले? आम्ही त्यास उभे करून, कागदाच्या पट्टीने, वडिलांच्या पद्धतीने माप घेतले. हात थोडा कापला, पण विसरला नव्हता. चवडा बरोबर जागी पडत होता, लांबीत अर्ध्या नंबराहून अधिक चूक नव्हती. सैलपणा सारा पाठीवर होता. चामड्याचा एक पातळ तळ कापून आत घातला, तेव्हा पाय वर उचलला जाऊन पाठीला टेकला आणि टाच बरीचशी स्थिरावली. पुढचा जोड अर्धा नंबर लहान आणि पाठीशी कमी घेराच्या कालबुतावरचा घे, असे त्यास सांगितले. जाताना त्याने ती कागदाची पट्टी पाकिटात घालून नेली.

आपल्या समाजातील ज्या घरी वडिलांच्या किंवा आजोबांच्या मापाच्या वह्या, कालबुते, रापी, आरी अद्याप असतील, त्यांनी त्या जपाव्या, आणि हात चालतो आहे तोवर वृद्धांकडून एक तरी पाय मोजून घेण्यास शिकावे, एवढीच आमची हात जोडून विनंती आहे. अलम् विस्तरेण.